सहकुटुंब युरोप : आगगाडीच्या प्रवासाची आखणी



ओझरच्या माणसाने आगगाडीवर बोलावे यात थोडी गंमत आहे. आपल्या गावी १९६४ पासून विमानांचा कारखाना आहे, मोठी धावपट्टी आहे. पण आगगाडी गाठावयाची म्हणजे कसबे-सुकेण्याला किंवा नाशिक रोडला जावे लागते. तरीही युरोपात सहकुटुंब फिरावयाचे तर शहराशहरांमधले अंतर आगगाडीनेच तोडावे, असे मी अनुभवाने म्हणतो. तिकडे मोठी स्टेशने बहुधा गावाच्या मध्यभागी असतात. विमानतळावर जाण्यायेण्यात आणि तपासणीत जे तास जातात ते वाचतात, आणि घरची माणसे समोरासमोर बसून शिदोरी सोडू शकतात.

आम्ही पाचजण निघणार होतो. आम्ही उभयता, ९ आणि १३ वर्षांची दोन मुले, आणि सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांनी अधू झालेली माझी आई. मी हौसेने जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे १४ रात्रींत ८ शहरांचा आराखडा मांडला. आईने तो शांतपणे ऐकला आणि विचारले, "यात मी बसायचं कधी?" मी तो कागद उलटा ठेवला. माझ्या मते सगळी आखणी या एका प्रश्नापासून सुरू झाली पाहिजे. कुटुंबाचा वेग म्हणजे त्यातल्या सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाचा वेग होय.

एक शहर सोडून दुसऱ्या शहरात जाण्याला कोष्टकात तीन तास लिहिलेले असतात. पण सामान बांधणे, खोली सोडणे, स्टेशन गाठणे, उतरल्यावर नवा पत्ता शोधणे, आणि दुपारी खोली ताब्यात मिळेपर्यंत थांबणे, हे सारे धरले तर किमान अर्धा दिवस जातो. आठ शहरे म्हणजे सात बदल. म्हणजे साडेतीन दिवस केवळ गाठोडी उचलण्यात गेले. म्हणून गावे मोजू नयेत, रात्री मोजाव्यात.

आमचा दुसरा आराखडा असा झाला : पॅरिस ४ रात्री, स्वित्झर्लंडात इंटरलाकन ४, व्हेनिस ३ आणि रोम ३. विमानाने जाताना पॅरिसला उतरावयाचे आणि परतताना रोमहून चढावयाचे. एकाच गावाहून जाण्यायेण्याचा हट्ट धरला तर शेवटी उलट पावली एक लांबचा प्रवास पदरी येतो.

आता मार्ग पाहू. पॅरिसला एक मध्यवर्ती स्टेशन नाही. दिशेप्रमाणे निरनिराळी आहेत. लंडनच्या गाड्या गार द्यू नॉरहून सुटतात, तर स्वित्झर्लंडच्या गार द लिआँहून. तेव्हा तिकिटावर केवळ शहराचे नाव पाहून भागत नाही. तेथून बाझेल सुमारे तीन तास, आणि बाझेलहून इंटरलाकन आणखी सुमारे दोन. पुढे श्पीत्स येथे गाडी बदलून मिलान गाठता येते. या वाटेवर १९०६ साली खुला झालेला सिंप्लॉनचा बोगदा लागतो. मिलानहून व्हेनिस सुमारे अडीच तास आणि व्हेनिसहून रोम सुमारे चार.

पासाचा प्रश्न हमखास विचारला जातो. युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठी युरेल नावाचा पास १९५९ पासून आहे. त्यात एका प्रौढाबरोबर ४ ते ११ वर्षांची दोन मुले विनामूल्य जातात. आमच्या तेरा वर्षांच्या मुलाला मात्र सवलतीचा का होईना, पास लागलाच असता. शिवाय फ्रान्स व इटलीतल्या वेगवान गाड्यांत पास असूनही जागेचे आरक्षण पैसे देऊन करावे लागते. स्वित्झर्लंडच्या नेहमीच्या गाड्यांना ते लागत नाही. म्हणून आधी सुट्या तिकिटांची बेरीज करावी, मग पासाची किंमत शेजारी मांडावी. रोज गाडीत बसणाऱ्याला पास परवडतो; आमच्यासारख्या तीनच लांबच्या प्रवासांना सुटी तिकिटे स्वस्त पडली. वेगवान गाड्यांची तिकिटे लवकर घेतल्यास स्वस्त असतात, परंतु त्या स्वस्त तिकिटांचे पैसे बहुधा परत मिळत नाहीत.

येथेच परवान्याचा पेच येतो. १९८५ साली लक्झेंबर्गमधल्या शेंगेन या गावी जो करार झाला, त्यामुळे आज २९ देशांसाठी एकच व्हिसा चालतो. अर्ज मात्र ज्या देशात मुक्काम सर्वांत अधिक, त्याच्याकडे करावयाचा. आम्ही उतरणार फ्रान्सला. पण इटलीत ६ रात्री होत्या, म्हणून अर्ज इटलीकडे. मुक्काम सारखाच असता तर प्रथम प्रवेशाचा देश. अर्ज प्रवासापूर्वी ६ महिन्यांच्या आत आणि निदान १५ दिवस आधी करावा लागतो. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमाही लागतो. ब्रिटन या करारात नाही, त्याचा व्हिसा वेगळा. तात्पर्य, आधी रात्री ठरवाव्या, त्यावरून देश, मग व्हिसा. आणि न परतणारी तिकिटे व्हिसा हाती आल्यावरच घ्यावीत.

एवढे करूनही आम्ही एके ठिकाणी चुकलो. गाडी बदलण्यास नऊ मिनिटे होती. कोष्टकाच्या दृष्टीने ती पुरेशी होती. आईच्या गुडघ्यांच्या दृष्टीने नव्हती. लिफ्ट फलाटाच्या दुसऱ्या टोकाला, हमाल नाही, पेट्या पाच. आम्ही वर पोचलो तेव्हा गाडीचा शेवटचा डबा दिसत होता. पुढची गाडी तासाभराने मिळाली, म्हणून निभावले. आरक्षित वेगवान गाडी असती तर पाच तिकिटे वाया गेली असती. तेव्हापासून गाडी बदलण्यास मी निदान चाळीस मिनिटे धरतो, आणि ज्याने त्याने स्वतः पायऱ्या चढून नेता येईल एवढीच पेटी घ्यावी असे सांगतो.

इंटरलाकनहून युंगफ्राउयोखला जाणारी आगगाडी १९१२ पासून प्रवाशांना ३,४५४ मीटर उंचीवर नेते. तेथे हवा विरळ. आईला नेऊ नये, असे आमच्या डॉक्टरांनी निघण्यापूर्वीच बजावले होते. तो सबंध दिवस मी तिच्याबरोबर थूनच्या तलावावर बोटीत काढला. मुले आईबरोबर बर्फात जाऊन आली. संध्याकाळी दोन्ही बाजूंना सांगण्यासारखे काही होते. चार रात्रींचा मुक्काम असल्यामुळेच अशी वाटणी जमली. एका रात्रीच्या मुक्कामात कोणाचा तरी हिरमोड ठरलेलाच.

आपल्या गावातल्या कित्येकांना ठाऊक आहे की, तपासणीची यादी पुरी झाल्याखेरीज विमान धावपट्टीवर नेत नाहीत. प्रवासाच्या यादीतही पहिली ओळ स्थळांची नसावी, माणसांची असावी : कोण किती चालेल, कोणाला केव्हा भूक लागेल, कोणाचे औषध कोणत्या वेळी. ती ओळ लिहिली की पुढच्या ओळी सोप्या होतात. आम्ही चार शहरे सोडून दिली. आई मात्र चारही शहरांत आमच्याबरोबर होती, आणि गाडीत खिडकीजवळची जागा तिचीच होती.