डुकरांचा प्रजनन-श्वसन लक्षणसमूह

डुकरांचा प्रजनन-श्वसन लक्षणसमूह : डुकरांना होणारा एक विषाणुजन्य सांसर्गिक रोग. पशुवैद्यांत तो ‘पीआरआरएस’ या आद्याक्षरांनी ओळखला जातो. काही जनावरांचे कान निळसर पडत असल्याने त्यास ‘निळ्या कानांचा रोग’ असेही म्हणतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९८७ मध्ये तो प्रथम लक्षात आला व कारण सापडेपर्यंत ‘गूढ रोग’ या नावानेच त्याचा उल्लेख होई. १९९० मध्ये तो जर्मनीत आढळला आणि १९९१ मध्ये नेदर्लंड्समधील लेलिस्टाट येथे त्याचा विषाणू अलग करण्यात आला. भारतात २०१३ मध्ये मिझोराममध्ये त्याची साथ उद्भवली.

हा विषाणू मुख्यत्वे फुप्फुसांतील महाभक्षी कोशिकांत (जंतू गिळून टाकणाऱ्या पेशींत) वाढतो. त्यामुळे पिलांना न्यूमोनिया होतो व इतर जंतूंनाही वाट मोकळी होते. डुकरिणीचा गर्भावधी सुमारे ११४ दिवसांचा असतो. त्याच्या अखेरच्या तिसऱ्या भागात संसर्ग झाल्यास विषाणू वारेतून गर्भापर्यंत पोहोचतो व गर्भपात होतो किंवा मृत अथवा दुर्बल पिले जन्मतात. विषाणूचा प्रसार बाधित जनावरे, नराचे वीर्य, सुया, गमबूट व वाहने यांवाटे आणि काही अंतरापर्यंत हवेतूनही होतो.

पैदाशीच्या कळपात रोग टिकून राहण्याचे कारण आजारी मादीपेक्षा निरोगी नवागतांत अधिक असते. बहुतेक माद्या बऱ्या होतात व त्यांच्यात प्रतिकारशक्ती येते. परंतु गलग्रंथी (टॉन्सिल) व लसीका ग्रंथींत विषाणू पाच महिने, क्वचित त्याहून अधिक काळ दडून राहतो. दरम्यान म्हाताऱ्या माद्यांच्या जागी तरुण माद्या येत राहतात, नवी पिले जन्मतात आणि विषाणूस ताजे भक्ष्य मिळते.

यावरूनच कळपबंदीचा उपाय निघाला. पुढील कित्येक महिन्यांना पुरतील इतक्या तरुण माद्या आधीच आणून कळपात बाहेरचे जनावर घेणे सुमारे २०० दिवस वा अधिक काळ थांबवितात. प्रारंभीच सर्व माद्यांचा विषाणूशी एकाच वेळी संबंध आणतात. त्यासाठी दुर्बल केलेल्या जिवंत विषाणूंची लस किंवा त्याच कळपातील बाधित पिलांचा रक्तरस टोचतात. दुसरा मार्ग म्हणजे मालकाने स्वतःच्या हाताने साथ पसरविणेच होय. त्यात काही आठवडे गर्भपात व पिलांची मर वाढते आणि रक्तरसातून अन्य रोगजंतूही जाऊ शकतात. तरीही अर्धा कळप बाधित व अर्धा कोरा असण्यापेक्षा हे नुकसान पत्करणे पुष्कळदा स्वस्त पडते. आफ्रिकी वराहज्वरात मात्र असे करणे आत्मघातकी ठरेल. तेथे बाधित कळप मारून टाकणे हाच मार्ग आहे. भारतात २०२० मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेशात त्या रोगाची साथ आली तेव्हाही तोच अवलंबावा लागला.

लसही सर्वस्वी निर्धोक नाही. डेन्मार्कमध्ये १९९६ साली पिलांना टोचलेल्या जिवंत लशीतील विषाणू लस न टोचलेल्या माद्यांपर्यंत पसरला व गर्भपात होऊ लागले.

बंदीच्या काळात गोठ्यातील शिस्तीस फार महत्त्व असते. जन्मानंतर २४ तास उलटल्यावर पिले एका डुकरिणीकडून दुसरीकडे हलवीत नाहीत. प्रत्येक विणीच्या पिलांसाठी सुई बदलतात. वाढ खुंटलेली पिले लहान गटात मागे ठेवीत नाहीत. हा नियम पाळणे मालकास जड जाते, कारण असे पिलू हातचे घालवावेसे वाटत नाही. दूध तोडण्याच्या वयाच्या पिलांच्या रक्तात वारंवार तपासूनही विषाणू न आढळल्यास संसर्ग न झालेल्या काही तरुण माद्या कळपात सोडतात. त्या निरोगी राहिल्या म्हणजे बंदी उठवितात व जुन्या माद्या हळूहळू काढून टाकतात.

डुकरांची दाट वस्ती असलेल्या मिनेसोटा, आयोवा यांसारख्या राज्यांत शेजारच्या कळपातून पुन्हा संसर्ग होतो, म्हणून काही गोठ्यांत हवा गाळून घेतात. विषाणूस कोशिकेत शिरण्यास आवश्यक असलेल्या सीडी-१६३ या प्रथिनाच्या जनुकात बदल करून रोगास दाद न देणारी डुकरे तयार करण्यात आली असून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये त्यांना मान्यता दिली.