पुण्याला गेलेल्यांचे रेशन



१९७२ च्या दुष्काळाची आठवण असलेली माणसे अजून गावोगावी आहेत. खडी फोडण्याच्या कामावरची सुकडी आणि रेशनचा मिलो यांवर त्या वेळी कितीतरी घरे तगली. तेव्हा सरकारी धान्य म्हणजे मेहेरबानी वाटे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने तो आपला हक्क झाला.

प्राधान्य कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. आता हिशेब करा. प्राधान्य कार्डावर पाच माणसे असतील तर वर्षाचे तीन क्विंटल होतात. किलोला ३० रुपये धरले तरी ९,००० रुपये! पाऊस दगा देतो, कांद्याचा भाव पडतो, त्या साली एवढ्या पैशासाठी सावकाराची पायरी चढावी लागत नाही.

पण सुगी संपली की आपली माणसे पुण्याला जातात. कोणी बांधकामावर, कोणी मार्केट यार्डात हमालीला. कार्ड गावी राहते. त्यांच्या वाटचे धान्य उचललेच जात नाही आणि शहरात ती गहू-तांदूळ विकत घेतात. हे नुकसान टाळता येते. 'एक देश, एक रेशन कार्ड' योजनेत पुण्यातल्या रेशन दुकानातही धान्य मिळते. कार्डाचा किंवा आधारचा नंबर सांगावा आणि यंत्रावर अंगठा लावावा. गावचे नाव कमी करावे लागत नाही. नवरा-बायको पुण्यात आणि सासू-सासरे गावी असतील, तर थोडे तिकडे, उरलेले इकडे उचलता येते.

त्यासाठी दोन गोष्टी हव्यात. कार्डावरील माणसांचे आधार जोडलेले असावे आणि ई-केवायसी झालेली असावी. जवळच्या कोणत्याही रेशन दुकानात अंगठा लावून ती होते. त्याला पैसे पडत नाहीत. धान्य घेताना पावती मागा, वजन डोळ्यांदेखत करून घ्या. तक्रार असल्यास १९६७ वर फोन करा.

मागायला संकोच नको. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात केंद्राने अन्न अनुदानासाठी दोन लाख कोटींहून अधिक रुपये ठेवले. साबण-काडेपेटीवरचा कर आपणही भरतोच. पेरणीआधी बियाणे तपासता ना? तसेच पुण्याची एस.टी. धरण्याआधी कार्ड तपासा.