बापपण, भाग 6 : तिखट हात

मिरची तोडून आलेल्या बाईची बोटं रात्रीपर्यंत जळतात. नुसत्या पाण्याने कितीही धुतली तरी आग जात नाही, कारण मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून आधी तेल चोळायचं, मग साबण लावायचा. तेवढ्यात झोळीतलं पोर रडायला लागतं. त्या हाताने त्याचे डोळे पुसायचे तरी कसे?

कोरीट हे नंदुरबार तालुक्यातलं गाव आणि तालुका मिरचीचा. तोडणीला जास्त करून बायाच असतात. पुरुष पाणी भरतो, फवारणी करतो, माल बाजार समितीत नेतो. फवारणीचा दिवस सोडला, तर संध्याकाळी घरात निवलेले हात बापाचेच असतात. तरी पोर आईची वाट बघत रडत राहतं.

शहरात सांगतात, तो कमावतो, ती सांभाळते. इथे तर दोघं एकाच शेतातून घरी येतात. ती येते ती चुलीपुढे बसते, पोर मांडीवर घेते. तो ओट्यावर टेकतो. त्याचं दमणं खरं आहे, मी ते नाकारत नाही. पण तिचं दमणं कुणी मोजलं?

केंद्र सरकारने 2024 च्या वेळवापर सर्वेक्षणात काही मोजलं. 15 ते 59 वयाच्या 41 टक्के बाया घरच्यांची देखभाल करताना आढळल्या, रोज सरासरी 140 मिनिटं. पुरुष 21.4 टक्के, 74 मिनिटं. हे आकडे फसवे आहेत. 74 मिनिटं ही फक्त हात लावणाऱ्या पुरुषांची सरासरी. न लावणारेही धरून मी गुणाकार केला, तर दर पुरुषामागे जेमतेम 16 मिनिटं येतात आणि दर बाईमागे 57. यात लहान मुलांबरोबर म्हाताऱ्यांचं, आजाऱ्यांचंही आलं. स्वयंपाक, धुणीभांडी वेगळीच.

मागच्या भागात रजांचं पाहिलं. त्यातली एक गोष्ट मनातून जात नाही. महाराष्ट्र शासनाने 2018 साली महिला कर्मचाऱ्यांना 180 दिवसांची बालसंगोपन रजा दिली. पुरुषालाही दिली, पण पत्नी हयात नसेल किंवा अंथरुणाला खिळली असेल तर. म्हणजे आई धडधाकट असेपर्यंत बाप लागत नाही, असंच सरकारी कागदही धरून चालतो.

आपली भाषाही तसंच धरते. अमळनेरच्या वसतिगृहात साने गुरुजी मुलांच्या खोल्या झाडत, आजारी मुलांची शुश्रूषा करत. त्यांना आपण मातृहृदयी म्हणतो. इतकी माया बापाच्या काळजातही असू शकते, हे सांगणारा शब्द मराठीत तसा रुळलाच नाही.

बापांचं प्रेम कमी आहे, असं माझं म्हणणं नाही. जत्रेत पोराला खांद्यावर घेणारा, तापात त्याला मोटारसायकलवरून दवाखान्यात नेणारा बापच असतो. पण ताप आलाय हे आधी कळतं कुणाला? दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची लस कुणाच्या ध्यानात असते? बाप म्हणतो, ‘सांग, काय करू ते.’ सांगायचं काम तिच्याकडेच राहतं, आणि खरा भार तिथेच आहे.

मला कोरीटच्या बापाकडून एवढंच हवंय, की तोडणीच्या दिवसांत तिने हाताला तेल चोळायला घेतलं, की तिने हाक मारायच्या आधी त्याने झोळीपाशी जावं. पहिले चार दिवस पोर त्याच्याकडे राहणार नाही, आईकडे बघून हंबरडा फोडेल. तेव्हा ‘तुझ्याशिवाय राहत नाही गं’ म्हणून त्याला परत तिच्या मांडीवर देऊ नये.