इंटरकॉमवर कोणी कोणाला फोन करायचा?

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतली एखादी केमिकल कंपनी डोळ्यांसमोर आणा. ऑफिसचे नंबर २०१ पासून, प्लांटचे ३०१ पासून, गेटचा १११. बॅच चालू असताना कंट्रोल रूमचा फोन खणखणतो आणि पलीकडून विचारणा होते, ‘आमच्या चलनाचं काय झालं?’ वैतागून मालक फोनवाल्याला सांगतात, ऑफिसमधून प्लांटला थेट फोन लागू देऊ नका. त्यावर उत्तर येतं, ‘साहेब, एकाच बोर्डावरचे नंबर आहेत, एकमेकांना लागणारच. अडवता येतात ते बाहेरचे कॉल.’

या समजुतीचं मूळ एसटीडी लॉकच्या जमान्यात आहे. तेव्हा ईपीएबीएक्स, म्हणजे कंपनीचा अंतर्गत फोन-बोर्ड, बसवला की आधी ठरायचं ते हे, की शून्य दाबून कोणाला फक्त ०२५१ मधले, म्हणजे उल्हासनगर-बदलापूर-कल्याणचे लोकल कॉल, आणि कोणाला एसटीडी. आतल्या गटांची परवानगी हे त्याहून वेगळं खातं. ते बऱ्याच बोर्डांत असतं, फक्त कोणी उघडून पाहत नाही. ॲस्टेरिस्क सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या आयपी पीबीएक्समध्ये, म्हणजे नेटवर्कवरून चालणाऱ्या बोर्डात तर फोन ज्या ‘कॉन्टेक्स्ट’मध्ये टाकला, तिथे लिहिलेले किंवा जोडलेले नंबरच त्याला लागतात. सगळ्यांना सगळे लागतात, कारण बसवणाऱ्याने सगळ्यांना एकाच कॉन्टेक्स्टमध्ये टाकलेलं असतं.

‘मग प्लांटलाही ऑफिसशी बोलता येणार नाही’, ही दुसरी भीती. तसं नाही. परवानगी फोन करणाऱ्याच्या बाजूने पाहिली जाते. ३०१ वरून २०१ लागेल, उलट लागणार नाही, असं ठेवता येतं.

उल्हासनगरच्या दुकानांना नेटवर्क टाकून देणारे काहीजण म्हणतात, दोन विभागांचे व्हीलॅन, म्हणजे एकाच नेटवर्कचे आभासी भाग, वेगळे केले की झालं. नाही झालं. दोन्ही फोनांची नोंद एकाच सर्व्हरकडे असते आणि कॉल जोडायचा की नाही ते तोच ठरवतो. त्यात आवाज थेट फोन ते फोन जाणार असेल आणि मधला रस्ता बंद असेल, तर घंटा वाजते, रिसिव्हर उचलला जातो आणि दोन्हीकडून नुसतं ‘हॅलो, हॅलो’. तक्रार येते ती ‘फोन खराब’ म्हणून.

सर्वांत महागात पडणारा समज मात्र हा, की नंबर अडवला म्हणजे वाट बंद झाली. २०१ वरून ३०१ लागत नाही? स्टोअरला लावा आणि म्हणा, जरा प्लांटला ट्रान्सफर करा. किंवा स्टोअरचा फोन ३०१ वर फॉरवर्ड असू दे, किंवा कोणी तिघांची कॉन्फरन्स जोडू दे. अशा वेळी काही यंत्रणा मूळ फोन करणाऱ्याची परवानगी तपासतात, काही मधल्याची. माहितीपुस्तकावर विसंबू नये, प्रत्येक वाट स्वतः फोन लावून पाहावी. गेट आणि सेफ्टी ऑफिसर यांचे नंबर मात्र सगळ्यांना, सगळीकडून, कायम मोकळे हवेत.

‘आमच्या आतल्या फोनांशी सरकारचा काय संबंध?’ कारखाना अंबरनाथला, हेड ऑफिस बंगळुरूला आणि दोन्ही बोर्ड इंटरनेटने जोडलेले असतील तर आहे. आपसात बोलायला हरकत नाही, पण अंबरनाथच्या माणसाने बंगळुरूची लोकल लाइन वापरून एसटीडी वाचवणं म्हणजे टोल बायपास, आणि त्याला आपल्याकडे मनाई आहे. अशा अटी पाळता याव्यात म्हणूनच सिस्कोच्या फोनयंत्रणेत ‘लॉजिकल पार्टिशनिंग’ नावाची सोय आहे.

एक बारीक गोष्ट फोनवाल्याला आवर्जून सांगा. अडवलेल्या कॉलला नुसता एंगेज टोन ठेवू नका. माणसाला वाटतं समोरचा बिझी आहे, आणि तो दुपारभर रिडायल दाबत बसतो. कॉल सरळ रिसेप्शनला वळवा. खरंच घाई असेल तर तिथली व्यक्ती जोडून देईल, चलनाची चौकशी असेल तर तिथेच थांबेल.