दुर्बीण विकताना 'पॉवर' नको, भागाकार करा

फोटो स्टुडिओ आणि कॅमेऱ्याच्या दुकानांत आता एक नवे गिऱ्हाईक येऊ लागले आहे. त्याला लग्नाचे नव्हे, चंद्र-ताऱ्यांचे फोटो काढायचे असतात. लेन्स घेऊ की दुर्बीण, असे ते विचारते. खोक्यावर '५२५ पॉवर' छापलेली दुर्बीण त्याच्या हाती दिली तर विक्री होते खरी, पण ते गिऱ्हाईक कायमचे तुटते.

या धंद्यातील बंधूंनी ध्यानात घ्यावे की दुर्बीण आणि लेन्स मुळात एकाच जातीच्या वस्तू आहेत. माप लिहिण्याची रीत तेवढी निराळी. लेन्सवर '२०० मिमी, एफ २.८' असे असते. दुर्बिणीवर '६०/७००', म्हणजे भिंगाचा व्यास ६० मिमी आणि फोकल लेंग्थ ७०० मिमी. ७०० ला ६० ने भागा, एफ ११.७ येतो. उलट २०० ला २.८ ने भागा, व्यास ७१ मिमी निघतो. म्हणजे ती आखूड लेन्स लांब नळीपेक्षा जास्त प्रकाश घेते! तेजोमेघासारख्या पसरट वस्तूसाठी दुर्बिणीला सुमारे १७ पट जास्त वेळ द्यावा लागेल.

मग ती ५२५ पॉवर कुठून आली? ४ मिमीच्या आयपीसने १७५ पट होते, त्यावर तीन पटीची बार्लो भिंग लावली की ५२५. साठ मिमीच्या भिंगाला १२० च्या वर काही पेलत नाही, चित्र नुसते अंधूक होते. शिवाय फोटोसाठी बहुधा आयपीस काढूनच कॅमेरा जोडतात. तेथे या आकड्याचा संबंधच उरत नाही.

चंद्राचा हिशेब सोपा आहे. फोकल लेंग्थला ११० ने भागले की सेन्सरवर चंद्र किती मोठा उमटेल ते कळते. २०० च्या लेन्सवर दोन मिमीहून कमी, ७०० च्या दुर्बिणीवर सहा मिमीच्या वर. चंद्र उजळ असल्याने तेथे एफ ११.७ सुद्धा चालतो. आकाशगंगा हवी असेल तर मात्र गिऱ्हाइकाजवळची २४ मिमीची लेन्स आणि साधा ट्रायपॉड पुरे. ५०० ला फोकल लेंग्थने भागावे. सुमारे तितके सेकंद तारे रेघ न होता टिपता येतात. येथे २० सेकंद मिळतात. ७०० मिमीला एक सेकंदही नाही, म्हणून पृथ्वीच्या गतीबरोबर फिरणारे माउंट लागते आणि खरा खर्च तिथेच होतो. हे विकण्यापूर्वीच सांगावे. लहान आरशाच्या काही दुर्बिणींत कॅमेरा फोकसपर्यंत पोहोचतच नाही, तेही आधी जोडून पाहावे.

लेथवाल्या कारागिरांसाठीही यात काम आहे. कॅमेरा जोडणाऱ्या टी-रिंगचा आटा ४२ मिमीचा, पिच ०.७५. रिंगच्या तोंडापासून सेन्सरपर्यंत ५५ मिमी अंतर लागते. कॅननच्या ईएफ बॉडीत ४४ मिमी असतेच, तेव्हा रिंग ११ मिमीची. निकॉन एफला ८.५ ची.