चिप बदलण्याआधी रचना तपासा

परभणी जिल्ह्यातल्या कापूस-सोयाबीनच्या रानात तण ओळखून तेवढ्यावरच औषध फवारणारे यंत्र चालवायचे, तर कॅमेऱ्यातले चित्र जागच्या जागी तपासावे लागते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात रोबोट, ड्रोन आणि स्वयंचलित यंत्रांवर आधारित डिजिटल शेतीचा प्रकल्प राबवला गेला आहे, त्यामुळे हा प्रश्न जिल्ह्याला परका नाही. अशा कामाचे एक साधन म्हणजे एफपीजीए : आत कोणते सर्किट असावे हे विकत घेतल्यानंतर आपण ठरवतो, अशी चिप. तिच्याविषयीच्या बहुतेक गैरसमजांच्या मुळाशी एकच कल्पना आहे, ती म्हणजे वेग विकत मिळतो. वस्तुस्थिती अशी की वेग आणि जागेची बचत ही दोन्ही आधी केलेल्या हिशेबातून मिळतात. एका साध्या उदाहरणावर हे पडताळून पाहता येईल. कॅमेरा ६४० × ४८० पिक्सेलची ६० चित्रे दर सेकंदाला देतो, आणि प्रत्येक पिक्सेलवर ३ × ३ चा, म्हणजे नऊ गुणाकारांचा, फिल्टर लावायचा आहे. म्हणजे सेकंदाला सुमारे १ कोटी ८४ लाख पिक्सेल आणि १६ कोटी ५९ लाख गुणाकार.

गैरसमज १ : कोड छोटा लिहिला की सर्किटही छोटे होते.

एफपीजीएसाठीचा कोड व्हेरिलॉग किंवा व्हीएचडीएल या भाषांत लिहितात, आणि त्यांत आपण सर्किटाचे वर्णन करतो. सी भाषेतला नऊ फेऱ्यांचा लूप एकच गुणाकार नऊ वेळा करतो. व्हेरिलॉगमधला तसाच लूप मात्र नऊ गुणक, म्हणजे गुणाकाराची नऊ सर्किटे, शेजारी शेजारी मांडतो. ओळी तीनच, पण जागा नऊपट. हे नेहमी चुकीचे असते असे नाही. नऊ गुणक असतील तर आपल्या फिल्टरला साधारण १८.५ मेगाहर्ट्झचे क्लॉक पुरते. एकाच गुणकावर भागवायचे तर ते १६६ मेगाहर्ट्झपर्यंत न्यावे लागते. दोन्ही रचना बरोबर आहेत. आपल्याकडे जागा मोकळी आहे की वेळ, यावर निवड ठरते. शिवाय फिल्टरचे गुणांक १, २, ४ असे असतील तर गुणक लागतच नाही, कारण दोनाने गुणणे म्हणजे तारा एक घर सरकवून जोडणे.

गैरसमज २ : क्लॉक जितके जलद, तितके काम जास्त.

पुणे जिल्ह्यात खोडदजवळ असलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचे उदाहरण पाहा. तिच्या ३० अँटेना प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या आहेत. नूतनीकरणानंतर ही दुर्बीण ४०० मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा एकाच वेळी हाताळते, आणि येणारे संकेत आकड्यांत घेऊन पुढे पाठवण्याचे काम एफपीजीए करतात. ४०० मेगाहर्ट्झचा पट्टा टिपायला सेकंदाला किमान ८० कोटी नमुने घ्यावे लागतात. एफपीजीएतले मोठे सर्किट त्या गतीने चालवणे अवघड असते. पण २०० मेगाहर्ट्झच्या प्रत्येक ठोक्याला चार नमुने एकदम हाताळले, की तेच काम पुरे होते.

गैरसमज ३ : पाइपलाइन केली की चिप भरते आणि उत्तर उशिरा येते.

मानवत-सेलूकडच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात एका लॉटची गाठ बांधली जात असताना पुढचा लॉट जिनवर असतो. पाइपलाइनही अशीच चालते : गणना टप्प्यांत तोडायची आणि दोन टप्प्यांमध्ये मधले उत्तर धरून ठेवणारे रजिस्टर, म्हणजे फ्लिप-फ्लॉपांचा गट, ठेवायचा. दोन रजिस्टरांमधली सर्वांत लांब वाट १० नॅनोसेकंदांची असेल, तर क्लॉक १०० मेगाहर्ट्झच्या पुढे जात नाही. ती वाट मधोमध रजिस्टर घालून तोडली, की वेग दुपटीच्या जवळ पोहोचतो. एफपीजीएंच्या आर्टिक्स-७ मालिकेतल्या ३५टी या लहान चिपमध्ये गणना करणारी २०,८०० लूकअप टेबल आणि ४१,६०० फ्लिप-फ्लॉप आहेत, म्हणजे एकास दोन. त्यामुळे पाइपलाइनला लागणारे फ्लिप-फ्लॉप बहुधा रिकामेच पडलेले असतात. उत्तर काही ठोके उशिरा येते हा आक्षेप खरा आहे. पण १०० मेगाहर्ट्झला दहा ठोके म्हणजे सेकंदाचा एक कोटीवा भाग, आणि फवारणी यंत्राला त्याने काहीच फरक पडत नाही. खरी अडचण वेगळ्या ठिकाणी येते. मागचे उत्तर हाती आल्याशिवाय पुढची गणना सुरूच होत नसेल, तर नुसती रजिस्टरे घालून भागत नाही, गणनेची पद्धतच बदलावी लागते.

गैरसमज ४ : जागा पुरली नाही तर मोठी चिप घ्यावी, बाकीचे टूल (कोडपासून सर्किट बनवणारे सॉफ्टवेअर) सांभाळते.

आपले एक पूर्ण चित्र, पिक्सेलला ८ बिट धरले तर, २४,५७,६०० बिटांचे होते. ३५टी चिपमधली ब्लॉक रॅम, म्हणजे चिपच्या आतली तयार मेमरी, १८,४३,२०० बिटांची आहे, म्हणजे चित्र मावत नाही. पण ३ × ३ फिल्टरला पूर्ण चित्र लागतेच कुठे? मागच्या दोन ओळी पुरतात, आणि त्या होतात फक्त १०,२४० बिट. चिपमधल्या ५० ब्लॉकांपैकी एकातही त्या आरामात बसतात. मात्र रिसेट देताच सगळी मेमरी एकदम शून्य व्हावी, असे कोडमध्ये लिहिले, तर ब्लॉक रॅमला ते जमत नाही. मग टूल त्याच ओळी फ्लिप-फ्लॉपमध्ये मांडते आणि एक चतुर्थांश फ्लिप-फ्लॉप खर्ची पडतात. टूल हुशार असते, हे मान्य. शेवटचा थोडाफार उशीर ते काढूनही देते. पण आपण लिहिलेल्या वर्तनात बदल करण्याची मुभा त्याला नसते, आणि किती मेगाहर्ट्झ हवे ते सांगितले नाही, तर कशासाठी झटायचे हेही त्याला कळत नाही. चिप काठोकाठ भरली तर तारांना वाट उरत नाही आणि वेग उलट घसरतो.

परभणीतल्या विद्यार्थ्याला हे शिकायला महागडा बोर्ड लागत नाही. लहान चिपसाठी उत्पादकांची टूल विनामूल्य मिळतात, योसिससारखे मुक्त टूलही आहे. सर्किटाची चाचणी, जागेचा हिशेब आणि टायमिंग रिपोर्ट हे सगळे संगणकावरच होते. म्हणून कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी तीन आकडे कागदावर मांडा : सेकंदाला किती डेटा येणार, किती गुणाकार लागणार आणि किती बिट साठवावे लागणार. चिपची निवड त्यानंतर करा.