मी घालतो! (लेखमाला ‘वाढतं पाऊल’ : भाग नववा)

मंगळवारी सकाळी साडेनऊला आमच्या दारात चपलेवरून आकांत झाला. रात्रपाळी करून आलेले आमचे हे आत नुकतेच आडवे झाले होते. मला दळण टाकून यायचं होतं. एका हातात डबा, दुसऱ्या हाताशी लेक. ती सव्वादोन वर्षांची. उंबऱ्याबाहेर फतकल मारून बसली आणि म्हणाली, ‘‘मी घालतो.’’ चपलेचा मागचा पट्टा काही टाचेवर चढेना. मी थोडी वाट बघितली, मग घड्याळ बघितलं आणि वाकून दोन्ही चपला झटक्यात चढवून दिल्या.

ती मागं कोसळली. टाचा फरशीवर आपटल्या, चपला भिरकावल्या. एक थेट गटारीच्या कडेला जाऊन पडली. आवाज असा की समोरच्या कारखान्यातल्या मागांचा खडखडाटही त्याच्या मागं पडला. शेजारच्या काकू दारात आल्या. ‘‘लई लाडावलंय तुझं पोर. दोन ठेवून दे, गप बसतंय बघ.’’ आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, मीठ-मोहरी मुठीत घेऊन दृष्ट काढायला आल्या. आतून कूस बदलल्याचा आवाज आला. रात्रभर माग चालवून आलेल्या माणसाची झोप मोडणार, या एका विचारानं मी मोबाईल काढून तिच्या हातात दिला. रडणं थांबलं. दळण मात्र संध्याकाळपर्यंत तसंच राहिलं.

संध्याकाळी मी भाकरी थापत असताना दारातून टाळ्यांचा आवाज आला. लेकीनं दोन्ही चपला स्वतः घातल्या होत्या. डावी उजव्या पायात, उजवी डाव्या पायात, पट्टे टाचेखाली चेंबलेले. तशीच ती काकूंच्या पायरीपर्यंत चालत गेली आणि एकेक पाय उचलून त्यांना दाखवू लागली. टाळ्या वाजवत होत्या त्या सकाळच्याच काकू.

गेल्या दोन भागांत आपण पहिली पावलं आणि पहिले शब्द बघितले. या आठवड्यात मला हट्टावर लिहायचं होतं. पण त्या दिवसानंतर हट्ट आणि वाढ हे दोन विषय वेगळे काढणं मला जमेना. सकाळचा आकांत आणि संध्याकाळची ती चाल एकाच जागेतून आली होती. ‘‘मी घालतो’’ या दोन शब्दांतून.

आमच्याकडे बायकाही ‘मी आलो, मी जातो’ असंच म्हणतात. लेखात मी ‘थांबले’ लिहिते, घरात ‘थांबलो’ म्हणते. लेकीनं ते घरातूनच उचललं. पण तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत ती स्वतःला ‘मी’ म्हणतच नव्हती. ‘चिऊला पाणी’, ‘चिऊ जातो’ असं चालायचं. ‘मी’ हा शब्द लहान मुलाला सोपा नाही. पाण्याला सगळेच पाणी म्हणतात. ‘मी’ म्हणजे मात्र आई बोलली की आई, आज्जी बोलली की आज्जी. सगळे जण वापरतात आणि प्रत्येकाच्या तोंडी माणूस बदलतो. हे कोडं सुटायला बहुतेक मुलांना दोन वर्षं उलटावी लागतात. ते सुटलं की मुलाला कळतं की आपण आईहून वेगळे आहोत, आपल्याला वेगळं काही हवं असू शकतं. त्या दिवसापासून आईच्या हातानं घातलेली चप्पल त्याला नको असते.

अडचण ही की इच्छा आधी येते आणि हात मागून येतात. बोटांना पट्टा ओढायचं बळ नाही. तोंडात ‘मला अजून एकदा करून बघायचंय, थांब’ असं वाक्य नाही. राग आवरायला, थोडं थांबायला लागतो तो कपाळामागचा मेंदूचा भाग सगळ्यांत शेवटी पिकतो. विशी ओलांडली तरी त्याची वाढ चालू असते. दोन वर्षांच्या पोरीकडून तो कसा मागायचा? आपण म्हणतो, ‘‘मुद्दाम करतंय.’’ मुद्दाम करायला जेवढा ताबा लागतो, तेवढा असता तर तिनं लोळण घेतलीच नसती.

अमेरिकेत फ्लॉरेन्स गुडइनफ या बाईंनी १९३१ साली लहान मुलांच्या रागावर एक पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यांची पद्धत मला फार आवडते. त्यांनी आयांनाच नोंदी ठेवायला सांगितल्या: मूल कधी चिडलं, कशावरून, किती वेळ, तुम्ही काय केलंत. अशा १,८००हून अधिक रागांच्या नोंदी जमल्या. त्यातून दिसलं की राग सर्वांत जास्त दुसऱ्या वर्षात येतो आणि दिवसात जेवणाच्या आधीच्या वेळेला तो उसळतो. भूक, अपुरी झोप, अंगात कसर असणं, ही त्याची नेहमीची निमित्तं.

हे वाचल्यावर मी आमच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, महिनाभर फुल्या मारल्या. एक फुली म्हणजे एक आकांत, खाली वेळ. महिन्याअखेरीस बघितलं तर बहुतेक फुल्या दोनच ठिकाणी गोळा झालेल्या: सकाळी साडेनऊ-दहा आणि संध्याकाळी सात-आठ. दोन्ही पाळी बदलल्यानंतरच्या वेळा. सकाळी ‘हळू बोल, बाबा झोपलेत’ आणि संध्याकाळी जेवणाला उशीर.

आमच्या कबनुरात आणि शेजारच्या इचलकरंजीत राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला. आज आपल्या गल्ल्यांतून जेवणखाण, झोप आणि देवधर्म सगळं पाळीवर चालतं. बारा-बारा तासांच्या पाळ्या. कुणाचा बाप दिवसा झोपलेला, कुणाची आई कांड्या भरायला गेलेली, पोर आज्जीच्या कडेवर. माग चालू असला की आपण सगळेच ओरडून बोलतो. पोरानं मोठ्यानं मागितलं तरच त्याला ऐकलं जातं. आणि त्याच घरात, बाप झोपला की त्याच पोराला बारा तास आवाज काढायचा नाही. मोठी माणसंसुद्धा या दोन नियमांत गोंधळतील. पालकत्वाच्या पुस्तकांत असतं ते घर शांत असतं, त्यात मुलाची वेगळी खोली असते. आपल्या घराचा हिशेब आपल्यालाच मांडायला हवा.

मी केलेला बदल अगदी लहान आहे. सकाळी नऊलाच लेकीच्या हातात केळं किंवा भाकरीचा तुकडा देते आणि तिला घेऊन मागच्या अंगणात जाते. संध्याकाळी आमच्या जेवणाची वाट न बघता सातच्या आत तिला वरण-भात कालवते. या महिन्यात फुल्या निम्म्याहून कमी झाल्या. हट्टाचं औषध मी शोधत होते आणि ते बरंचसं स्वयंपाकघरात सापडलं.

उरलेल्या फुल्यांचं काय? अमेरिकेतच मायकेल पोटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन यांनी तीनशेहून अधिक मुलांच्या आकांतांचं वर्णन आईबापांकडून लिहून घेतलं. ते काम २००३ साली प्रसिद्ध झालं. चारांतले तीन आकांत पाच मिनिटांत किंवा त्याहून कमी वेळात संपतात, असं त्यांना आढळलं. आपल्याला तो अर्धा तास वाटतो, कारण गल्ली बघत असते. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली, आणि आईला ती फार उपयोगाची आहे. राग सुरुवातीलाच शिगेला जातो आणि उतरू लागतो. दुःख मात्र शेवटपर्यंत राहतं. शेवटी शेवटी मूल कुशीत यायला बघतं.

म्हणून पहिल्या मिनिटाला समजावू नये, त्याला काही ऐकू जात नाही. कढई, जिना, रस्ता यांपासून बाजूला घ्यावं आणि जवळ बसावं. कमी बोलावं. मागांचा आवाज असेल तर वरून ओरडण्यापेक्षा खाली बसून कानाशी बोलावं: ‘‘तुला स्वतः घालायची होती. मी घातली. राग आला.’’ एवढंच. ही वाक्यं तिच्याकडे नाहीत, ती आपण उसनी देतो. काही महिन्यांनी ती परत मिळतात. हात पुढं आले की उचलून घ्यावं. उचलून घेतलं म्हणजे हट्ट पुरवला असं होत नाही. गोळ्यांच्या पुडीसाठी लोळण घेतली असेल तर पुडी मिळणार नाही, कुशी मिळेल. हा फरक घरातल्या सगळ्यांनी पाळायला हवा, नाहीतर आई नाही म्हणते आणि आज्जी पदराआडून देते. असं झालं की पोरगं सरळ आज्जीच्या दिशेनं लोळायला शिकतं.

मारण्याविषयी माझं मत पक्कं आहे. मारू नये. रागावर ताबा नसलेल्या मुलाला आपण ताबा सोडून मारतो, तेव्हा त्याला दिसतं ते एवढंच की मोठेपणी असंच करायचं असतं. मोबाईलचंही तेच. दोन वर्षांच्या आत पडदा नको, असं बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटना सांगते; त्यानंतर पाच वर्षांपर्यंत दिवसाला तासाभराच्या वर नको. आकांतात तो दिला की रडणं थांबतं हे खरं, मंगळवारी मीही दिला. पण स्वतःहून शांत होण्याची एक संधी त्या दिवशी तिच्या हातून गेली.

काही मुलं रडता रडता श्वास रोखतात, ओठ निळे पडतात, क्षणभर शुद्ध जाते. बघणाऱ्याच्या काळजाचं पाणी होतं. श्वास आपोआप परत येतो. मुलाला कुशीवर निजवावं, गदागदा हलवू नये, तोंडात पाणी ओतू नये. पहिल्यांदा असं झालं तर डॉक्टरांना दाखवावंच आणि रक्तातलं लोह तपासून घ्यावं. लोह कमी असलेल्या मुलांत हे जास्त दिसतं आणि लोहाचं औषध दिल्यावर बऱ्याच मुलांत थांबतं. सहा महिन्यांवरच्या मुलांना आठवड्यातून दोनदा द्यायचं लोहाचं पातळ औषध सरकारी योजनेतूनच मिळतं; आशाताई किंवा अंगणवाडीताईंना विचारा.

आता त्या टाळ्यांकडे येते. आपल्याकडे मुलाचं नवं काही आलं की लगेच शेजारच्या पोराशी माप लावतात. ‘आमचा अकराव्या महिन्यात चालला, तुमची अजून रांगते?’ जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास केला, त्यात दिल्लीची मुलंही होती. २००६ साली आलेले त्याचे आकडे असे: आधाराशिवाय चालणं ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत कधीही येऊ शकतं. म्हणजे दोन सशक्त मुलांत नऊ महिन्यांचं अंतर असू शकतं आणि दोन्ही अगदी ठीक असतात. काही मुलं तर रांगतच नाहीत, थेट उभी राहतात. आपल्या देशातल्या मुलांसाठी प्रमिला फाटक यांनी बडोद्यात वर्षानुवर्षं बाळांच्या नोंदी ठेवून मोजपट्टी तयार केली. जन्मापासून अडीच वर्षांपर्यंतच्या २३० बारीक बारीक गोष्टी तिच्यात आहेत. त्यांतल्या ६७ हालचालींच्या आणि १६३ समज-बोलण्याच्या. आपण मात्र चालणं आणि बोलणं एवढ्या दोनच गोष्टींचं कौतुक करतो. डब्याचं झाकण फिरवणं, बोटानं कावळा दाखवणं, बाहुलीला भरवणं, हे घरात कुणाच्या नजरेत येत नाही. ज्या दिवशी मूल काहीतरी दाखवायला मागं वळून तुमच्या तोंडाकडे बघतं, तो दिवस पहिल्या पावलाएवढाच मोठा.

मुलाला बदलण्याआधी आपण बदलायचं, ही वाट आपल्याकडे जुनीच आहे. तारा मोडक यांनी गिजुभाई बधेकांबरोबर १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ सुरू केला. पुढं तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला आणि कोसबाडला त्या आदिवासी मुलांसाठी गेल्या. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. मूल येत नाही म्हणून मुलाला दोष न देता जागा बदलणारी ही बाई. इकडं कोल्हापुरात लीला पाटील यांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, तेही मुलाला न घाबरवता शिकवायच्या हट्टातून. मी चपला दहा मिनिटं आधी काढून ठेवू लागले, ते यांच्याच वाटेनं. आता दळणाला निघायचं असेल तर लेक सव्वानऊलाच उंबऱ्यावर बसलेली असते. पट्टा अजून दर वेळी चढतोच असं नाही. एकेका दिवशी फुलीही पडते.

वाट बघायची नाही अशा काही गोष्टी मात्र कात्रण करून ठेवा. दीड वर्ष झालं तरी आधाराशिवाय चालत नाही. दीड वर्षापर्यंत एकही शब्द नाही किंवा बोटानं काही दाखवत नाही. दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडून बोलत नाही. हाक मारली तरी वळत नाही. आलेलं बोलणं किंवा चालणं नाहीसं झालं. आकांत पाऊण पाऊण तास चालतो किंवा मूल स्वतःला इजा करून घेतं. मागांशेजारच्या घरांत ‘आवाजामुळं लक्ष देत नसेल’ असं म्हणून ऐकू न येणं सहज सुटून जातं, म्हणून हाकेचं विशेष सांगते. एकदा सगळे माग बंद असताना, मागून, हळू हाक मारून बघा.

यातलं एकही दिसलं तर शेजारच्या बाईला विचारत बसू नका. माता-बाल संरक्षण कार्ड घेऊन अंगणवाडीत जा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा मोफत तपासणी करतं. पुढची तारीख ताईंना आजच विचारून घ्या, आणि ती लांब असेल तर तिची वाट न बघता सरकारी दवाखान्यात दाखवा.